बाहेरची कडी

दोन वर्षांपूर्वी आडनाव ऐकूनच प्रीती मॅडमना घर नाकारणारे मच्छिंद्रराव आज स्वतः तेच घर दाखवत होते. मधल्या काळात तिथं राहणाऱ्या त्यांच्या सुनेनं मागच्या खोलीत फास घेतल्यापासून त्या घराला अख्ख्या बदनापुरात गिऱ्हाईक मिळत नव्हतं. “तुमच्या बौद्धांत भूतबीत मानत न्हाईत, म्हणून म्हटलं मॅडमलाच विचारावं,” ते म्हणाले. “तरी आमी चारी कोपऱ्यांत मंतरलेले खिळे ठोकलेत. आता बिलकुल त्रास न्हाई.” मॅडम त्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. आतून कडी नव्हतीच. बाहेरची मात्र रोजच्या वापरानं गुळगुळीत झाली होती. “बाहेरून कडी कशाला?” “डोकं फिरलं होतं सुनेचं. सारखी माहेरी पळायची.” “खिळे दाखवा बरं.” ते आत जाऊन वाकले, तशी मॅडमनी कडी घातली. दार बडवत ते ओरडले, “उघडा, मॅडम.” “ती किती दिवस बडवत होती, तेवढं सांगा. मंग उघडते.”