उजवा अंगठा

मानेतली नस दबून डॉक्टर घोरपड्यांचा उजवा अंगठा कायमचा बधिर झाला. ऑपरेशनं बंद पडली, तेव्हा त्यांनी मेहुण्याला बोलावून अठरा पॉलिसींची फाईल त्याच्यापुढे आपटली. विमा एजंट हाच. पंचवीस वर्षं दोन ऑपरेशनांच्या मधे येऊन सह्या घेऊन जायचा.

“काढ यातले पैसे.”

“दाजी, या नुसत्या मृत्यूविम्याच्या पॉलिसी. मधे काही निघत नाही; पैसे तुम्ही गेल्यावर ताईला. चांगले तीन कोटी!”

“अरे, मी जिवंत आहे. हात गेलाय!”

“हाताबिताची पॉलिसी वेगळी असते. तिच्यात आम्हाला फारसं कमिशन सुटत नाही, म्हणून…” मेहुणा चाचरला. “पण तुम्ही वाचूनच सह्या केल्यात ना?”

डॉक्टर लालबुंद झाले. ऑपरेशनचं संमतीपत्र न वाचता सही करणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना त्यांनी जन्मभर झापलं होतं.

“निदान हप्ते तरी थांबव.”

“छे हो! हप्ते चुकले तर तीन कोटी बुडतील.”

इतका वेळ दारात उभी असलेली डॉक्टरांची बायको पुढे आली. भावासाठी आणलेला चहा तिने नवऱ्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

“हे मेल्यावरचं सगळं पाठ आहे तुला,” ती भावाला म्हणाली. “आता हे जगतील तोवर घर कशावर चालवू, तेवढं सांग आणि मगच ऊठ.”