खणातला चाकू

"काका, दोरावर लटकून काचा पुसायच्या असतात. वर काही अडकलं, तर हा चाकूच जीव वाचवतो हो!" काचा पुसणारा परोपरीने सांगत होता. पण गेटवरचा म्हातारा गार्ड कसला ऐकतोय! "माझा सख्खा भाऊ आला तरी चाकू आत जाणार नाही. संध्याकाळी घेऊन जा, जपून ठेवतो," म्हणत त्याने तो खणात टाकला आणि नव्या गार्डला ऐटीत म्हणाला, "बघून शिक."

दुपारी बाराव्या मजल्यापाशी त्याच काचा पुसणाऱ्याच्या गळ्यातला रुमाल दोराच्या कप्पीत ओढला गेला. हातपाय झाडत तो गुदमरू लागला. गच्चीवरून त्याचा जोडीदार जिवाच्या आकांताने ओरडला, "काका, चाकू! चाकू आणा!" म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. खणातला चाकू मुठीत धरून, दुखरे गुडघे विसरून तो लिफ्टकडे धावत सुटला. धापेमुळे तोंडातून शब्द फुटेना.



लिफ्टच्या दारात पहाऱ्याला उभ्या, बाहेरचा आरडाओरडा न ऐकलेल्या नव्या गार्डने हसत हात आडवा केला, "माझी परीक्षा घेताय होय, काका? सख्खा भाऊ आला तरी चाकू आत जाणार नाही!"