झोपेतली चढण

मानेत चिप बसवल्यापासून वासंती शिंगटे रोज पहाटे झोपेतच अजिंक्यतारा चढून यायची. सात महिन्यांत वजन अठरा किलो उतरलं, साखर आटोक्यात आली. तिला मात्र एकही पहाट आठवत नव्हती.

एके दिवशी चिप अर्ध्या चढावरच बंद पडली आणि ती जागी झाली. अंगभर घाम, खाली उजळत चाललेला सातारा. घाबरून ती मटकन खाली बसली.

मागून येणारे एक आजोबा थांबले. "काय ताई, दमलात? रोज तर आमच्या पुढं असता."

"रोज मी नव्हते हो."

"मग आज चला. निम्मंच राहिलंय."

ती उठली. पाय तयारच होते. वर पोहोचल्यावर तिला आनंदानं रडू आलं.

संध्याकाळी चिप दुरुस्त करणाऱ्याला तिनं बजावलं, "चालवायचं काढून टाका. मला फक्त वेळेवर उठवू दे."