मोजमाप

"ताई, खिडकी मोजायची, घर नाही!" पडद्यांच्या दुकानाच्या मालकांनी हात जोडले. "काल माप घ्यायला गेलात आणि त्या आजोबांच्या गोळ्या तपासत बसलात म्हणे. गिऱ्हाईक घाबरलं ना!"

"सवय हो," ताई पुटपुटल्या.

"आज तिसरा मजला. फोनवर एक मुलगी म्हणाली, नवीन बाईंनाच पाठवा. तुमचं नाव झालं की काय इतक्यात?"

ताईंना हसूसुद्धा जड वाटलं. त्यांनी टेप पर्समध्ये टाकला आणि निघाल्या.

बावीस वर्षं त्यांनी लहान मुलांच्या संरक्षणाचं काम केलं होतं. दिवसाला पाच-सहा घरं पालथी घालायची. कुठल्याही घरात शिरलं की हात धुवायच्या निमित्ताने बाथरूम गाठायचं आणि दात घासायचे ब्रश मोजायचे, ही त्यांची खास पद्धत. माणसं थापा मारतात, ब्रश मारत नाहीत. "आम्ही दोघंच" म्हणणाऱ्यांकडे चार निघायचे. "मुलगा इथेच असतो" म्हणणाऱ्यांकडे त्याचा एकही नसायचा.

लेक लहान असताना तिला हे समजलं, तेव्हा तिने आपल्या ब्रशला लाल रबरबँड गुंडाळला. "आई, माझापण मोजत जा हं!" ताई हो हो म्हणायच्या आणि पुन्हा फायलीत तोंड खुपसायच्या.

दीड वर्षापूर्वी लेक घर सोडून गेली. जाताना ब्रशही घेऊन गेली. रोज ती झोपल्यावर घरी यायचं आणि ती उठायच्या आत बाहेर पडायचं, हाच ताईंचा शिरस्ता. त्यामुळे ग्लासात ब्रश नाही हे त्यांना दिसलं तिसऱ्या दिवशी.

"तिसऱ्या दिवशी?" लेक फोनवर एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर तिने तो कधी उचललाच नाही.

मग ताईंचं कामातलं मनच उडालं. दुसऱ्यांची घरं सांभाळायला निघालेली बाई! नोकरी सोडली, पडद्यांच्या दुकानात लागले, असा निरोप त्यांनी लेकीला पाठवला. महिना झाला. उत्तर नाही. तेव्हापासून त्यांनी कुणाच्याही बाथरूममध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

तिसरा मजला चढताना गुडघे कुरकुरले. दार एका चष्मेवालीने उघडलं.

"या ना. मी एकटीच राहते हं," न विचारताच ती म्हणाली.

खिडकी एकच होती. तिच्यावर पडदा होता, तोही कोरा करकरीत. दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती.

"हा तर नवाच आहे."

"रंग आवडत नाही मला."

"मग कोणता हवा?"

"कुठलाही चालेल."

ताईंनी टेप ताणला. खिडकी मोजायची, घर नाही. त्यांनी आकडे लिहून घेतले आणि टेप गुंडाळला.

"हात धुऊन घ्या ना," चष्मेवाली म्हणाली.

"नको, राहू दे."

"धुवाच. धूळ असते खिडकीला."

"अगं, चकाचक आहे तुझी खिडकी."

"तरीपण! बाथरूम तिकडे आहे." पोरीचे कान लालेलाल झाले होते.

आता हिच्याशी कोण वाद घालणार? ताई आत गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. इकडेतिकडे बघायचं नाही, असं स्वतःला बजावलं. डोळे ऐकतात थोडेच!

ग्लासात दोन ब्रश होते. एकटी राहते म्हणे. कुणाला आणून ठेवत असेल तर ठेवो बापडी, मला काय त्याचं?

एक ब्रश ओला होता, वापरून वापरून फिस्कारलेला. दुसऱ्याला अजून पाणीही लागलेलं नव्हतं. त्याच्या दांडीला लाल रबरबँड गुंडाळला होता.

नळ तसाच वाहत राहिला.

दाराबाहेरून ओळखीचा आवाज आला, "किती मोजलेस, आई?"