येत नाही म्हणजो

पाहुणे ओसरीवर सरबत पीत होते आणि मागच्या अंगणात प्रयागबाईनं पोरीचं मनगट असं आवळलं होतं, की बांगडी तडकली.

"येत नाही म्हणजो," ती दातओठ खात म्हणाली. "करूनच दाखव म्हटलं, तर फाडून टाकजो. समजलं का?"

"हो वं माय. किती वेळा सांगशीन?" शामला म्हणाली.

"हजारदा सांगीन. येते म्हटलं का जन्मभर चुलीपुढं बसवतीन. येत नाही म्हणणारीले चार दिवस बोलतीन, मंग नाद सोडतीन. मले कोणी सांगितलं नाही, म्हणून तुले सांगून राहिली."

गोष्ट लांब पोळीची होती. मऊसूत कणकेचा गोळा हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या तापल्या मडक्यावर अलगद फेकायचा. अख्ख्या सक्करदऱ्यात प्रयागबाईसारखी लांब पोळी कोणाला जमत नव्हती. लग्न असो की तेरवी, बोलावणं हिलाच. हातांवरची लव कधीच जळून गेली होती आणि कौतुकाचा तर तिला वीट आला होता. एवढं असून तिनं एक मूर्खपणा केलाच होता. पोरीला शिकवलं होतं. पोरगी आईच्याही वरताण निघाली.

शामला मॅट्रिक झाली होती. मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगला तिचं नाव लागलं होतं. तिचा बाप नानाजी एक घाव दोन तुकडे करून मोकळा झाला होता, "काटोलच्या पाहुण्यांनी पसंत केली तर लग्न. नाही तर जाऊ दे ट्रेनिंगले." आणि काटोलच्या त्या घरी संत्र्यांचा बगीचा, चार भाऊ, त्यांची पोरंबाळं, राबते गडी, असं भलंमोठं खटलं! ऐकूनच प्रयागबाईला धडकी भरली होती.

मुलाची आई गोपिकाबाई मागच्या अंगणात आलीच. सोबत तिची थोरली सून जयवंता. नानाजी दारात येऊन उभा राहिला.

"पाहू पोरीच्या हातची लांब पोळी," गोपिकाबाई खाटेवर टेकत म्हणाली.

"मले येत नाही."

"करून तर पाह्य."

शामलानं परातीत मळून ठेवलेल्या कणकेचा गोळा उचलला, हातांवर झुलवला आणि मडक्यावर पोचायच्या आधीच त्याच्या चिंध्या केल्या. अर्धी पोळी राखेत पडली. नानाजीनं मान खाली घातली. गोपिकाबाईचं तोंड वाकडं झालं. प्रयागबाईच्या मनात मात्र आनंद मावेना. वा वं माझी वाघीण! उठा आता पाहुणेहो, निघा आपल्या गावाले.

गोपिकाबाई उठलीसुद्धा. तेवढ्यात इतका वेळ मुकी उभी असलेली जयवंता सासूकडे वळून बोलली.

"पोरीचं काय चुकलं, आत्याबाई? मायलेच येत नसन. दुसरीनं केलेल्या पोळ्या आपल्या म्हणून मिरवत असन ही बाई."

नानाजी उसळला. प्रयागबाईनं त्याला हातानंच गप्प केलं. जन्मात जिनं कोणाचा अर्धा शब्द ऐकून घेतला नव्हता, ती हात जोडून म्हणाली, "खरं आहे बाई. मलेबी नाही येत."

अशी तिनं आपली इज्जत आपल्याच हातानं चुलीत घातली, आणि तिला त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही. शामलाला वाटलं. तिथंच घात झाला.

"काहून खोटं बोलून राहिली वं माय?" पोरगी ओरडली.

"शामले, नको!" म्हणेपर्यंत तिनं दुसरा गोळा उचललाही. मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून मनगटाकडे गोळा उतरत गेला, लांबत गेला. पोळी इतकी पातळ झाली की तिच्यातून पोरीचे हात दिसायला लागले. मडक्यावर पडली तेव्हा तिला एक सुरकुती नव्हती.

"माझ्या मायनं शिकवली," शामला म्हणाली. डोळ्यांत पाणी आणि मान ताठ.

गोपिकाबाईनं पुढं होऊन तिचा दंड धरला. खांद्यापासून मनगटापर्यंत दाबून पाहिला, बाजारात बैल पाहावा तसा.

"पक्कं," ती म्हणाली. "नानाजी, साखर आणा."

नानाजी अनवाणीच दुकानाकडे धावला. पोरीला बडवावी की पोटाशी धरावी, प्रयागबाईला कळेना. मेलं रडूही येईना.

गोपिकाबाई ओसरीवर गेली तशी जयवंता शामलापाशी येऊन बसली. पोरीच्या कपाळावरचा घाम तिनं आपल्या पदरानं पुसला, अगदी सख्ख्या बहिणीच्या मायेनं. तिच्याही हातांवर लव उरली नव्हती.

"तुझ्या मायले मी मुद्दाम बोलली. राग नको धरू," ती हळूच म्हणाली. "पोळी फाडताना तुझे हात पाह्यले नं मी. येत नसलं का अशी नाही फाटत. लवकर ये वं बाई. तू आली का मी झोपीन."