सहावं मत

आरतीचं ताट घेऊन त्रिवेणी दारात आली. समोर, तिच्या स्वतःच्या उंबऱ्यापाशी, शशिधरबाबू उभा होता. पडद्यावरचा नव्हे, खराखुरा. गळ्यात झेंडूचे हार, डोळ्यांवर गॉगल, आणि मागे मत मागणाऱ्यांची जीप. त्याला बघायला हैदराबादच्या बरकतपुऱ्यातली अख्खी गल्ली लोटली होती.

त्रिवेणी या हिरोची वेडी आहे हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उदगीरकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती हैदराबादला आली तेव्हा तिला तेलुगूचा गंध नव्हता. ती तेलुगू शिकली ती शशिधरबाबूचे पिक्चर बघून. त्यामुळे तिची तेलुगू अस्खलित होती, पण सगळी डायलॉगची. कोथिंबिरीचा भाव करतानाही ती जमीनदाराला दम भरल्यासारखी बोलायची. भाजीवाला हसून दोन काड्या जास्त द्यायचा.

तिची एक हौस मात्र राहून गेली होती. पडद्यावर बाबूची एन्ट्री झाली की खालून शिट्ट्यांचा नुसता कल्ला व्हायचा, आणि ही बाल्कनीत पदराला पीळ घालत बसायची. एकदा तिने तोंडात बोटं घातलीच. शेजारी बसलेल्या नवऱ्याने, भगवंतरावांनी, तिचा हात खाली ओढला. "भल्या घरच्या बाया शिट्ट्या मारत नसतात," ते म्हणाले.

भगवंतरावांचं आबिड्सच्या बाजारात चष्म्यांचं दुकान होतं आणि घरातलं राजकारण त्यांच्या ताब्यात होतं. मतदानाच्या सकाळी चहा झाला की ते निशाणी सांगायचे. मग दीर, जाऊ, मुलगा, सून, त्रिवेणी आणि ते स्वतः, सगळे त्याच निशाणीवर शिक्का मारून यायचे. त्रिवेणीने काही विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं. "तू तुझा शशिधर बघ."

ती बघतच होती. घरी केबल आली, चॅनेलांची जत्रा भरली, शशिधरबाबू परदेशी कोल्ड्रिंकच्या जाहिरातीत झळकायला लागला. पुढे तो राजकारणात उतरला, तशी ही बातम्याही बघायला लागली. कोण कुणाला पाण्यात बघतो, हे तिला दिरापेक्षा जास्त कळायला लागलं. बाबू आमदार झाला तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले. वर्षाच्या आत त्याने पक्ष बदलला. त्या दिवशी ती जेवली नाही. एकाही पिक्चरमध्ये ज्याने दिलेला शब्द फिरवला नाही, त्याने असं करावं? घरच्यांनी तिची यथेच्छ चेष्टा केली. तिचं मन मात्र खरंच मोडलं होतं.

आता तोच बाबू नव्या पक्षाचा झेंडा घेऊन दारात उभा होता.

तिने ओवाळायला ताट उचललं. तेवढ्यात भगवंतराव पुढे सरसावले आणि हात जोडून म्हणाले, "फिकर नक्को करो, बाबू. घर के छे के छे वोट आपकेच! हमारी मिसेस तो आपकी फॅन हैं."

ताट हवेतच थांबलं.

त्रिवेणीने नवऱ्याकडे बघितलं. मान वर झाली, आवाज पोटातून आला, आणि तो तेलुगूत आला, कारण असल्या प्रसंगी काय बोलायचं ते तिला त्याच भाषेत पाठ होतं.

"माझ्या वतीने शब्द देणारे तुम्ही कोण?"

भगवंतरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. हा डायलॉग गल्लीतल्या पोरासोरांना तोंडपाठ होता. बाबूने तो पडद्यावर जमीनदाराला मारला होता. मूळ डायलॉगात 'तू' होतं, त्रिवेणीने नवऱ्याचा मान राखून तेवढं 'तुम्ही' केलं होतं.

"अम्मा," शशिधरबाबू हळूच म्हणाला, "हा तर माझा डायलॉग."

"हौ, बाबू. तुम्ही विसरलात. मी नाही विसरले." "तुमचा पिक्चर मी पुन्हा बघेन. दारात आलात तर ओवाळीन. पण तुम्ही पार्टी सोडलीत त्या दिवशी मी उपाशी झोपले. मत कुणाला द्यायचं ते माझं मी बघेन. आणि कुणाला दिलं ते ह्यांनाही सांगणार नाही."

मग तिने त्याला शांतपणे ओवाळलं आणि कपाळाला कुंकू लावलं. त्यात काही कमी केलं नाही.

भगवंतरावांच्या कानशिलांवर घाम आला होता. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक हातचं जाऊ देणं रक्तात नव्हतं. ते कसंनुसं हसत म्हणाले, "पाच तो पक्के समझो, बाबू."

"चार, मामंजी," दाराआडून सून माधवी म्हणाली.

गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. जाऊबाई पुढे काही बोलणार, एवढ्यात दिराने तिला डोळ्यांनी दाबलं. कार्यकर्ते खाली मान घालून चपला न्याहाळायला लागले. बाबू आता काय करतो, इकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

शशिधरबाबू त्रिवेणीकडे बघत राहिला. आयुष्यभर लोकांनी त्याच्याकडे जसं बघितलं होतं, तसा.

"मत गेलं," तो म्हणाला. "पण एन्ट्री कशाला म्हणतात ते मला कळतं, अम्मा."

त्याने गॉगल काढला, दोन बोटं तोंडात घातली, आणि त्रिवेणीसाठी अशी खणखणीत शिट्टी मारली की ती काचीगुडा स्टेशनापर्यंत ऐकू गेली असेल.