माठातला रोजा

रमजानात फरीदाच्या पाच वर्षांच्या रुमानाने रोजा धरायचा हट्ट केला. सकाळी नऊलाच भूक लागली, तेव्हा फरीदाने माहेरची युक्ती काढली. “माठात फुंकर मार, झाकण ठेव. रोजा आत ऱ्हातो. खाल्लं की परत घे.” दुपारपर्यंत रोजा चपातीसाठी, केळ्यासाठी, शेजारच्या शिऱ्यासाठी माठात गेला आणि दर वेळी अख्खा परत आला. पहाटेपासून तहानलेली फरीदा धुमसत होती. सातव्या खेपेला रुमानाच्या कोपराने इफ्तारीचं सरबत कलंडलं. “अगं कारटे!” फरीदा कडाडली. रुमानाने कमरेवर हात ठेवले. “अम्मी, रोज्यात रागवायचं नसतं, तूच म्हनलीस. तुझा मोडंल की!” तिने माठाचं झाकण उचललं. “हितं ठेव, मग ओरड.” फरीदाने वाकून फुंकर मारली. मग पदर खोचून मनसोक्त ओरडली. तोवर दोन्ही हातांनी झाकण दाबून रुमाना अम्मीचा रोजा राखत बसली.